कुणीच पटत नाही, तर मत द्यायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. शिक्षक म्हटला की निवडणुकीची ड्युटी आलीच. लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत पंधरा-सोळा निवडणुका मी मतदान केंद्राच्या आतून पाहिल्या. निवृत्त झाल्यापासून शेजारी, जुने विद्यार्थी, एसटीत शेजारी बसलेले लोक एकच गोष्ट विचारतात, "गुरुजी, यातला एकही माणूस मत देण्याच्या लायकीचा वाटत नाही. काय करू?" त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. कायद्यात जे आहे ते तसंच सांगितलं आहे. जिथे माझं मत आहे, तिथे ते माझं म्हणूनच वाचावं.

मत दिलं नाही तर काही कारवाई होते का?

नाही. भारतात मतदान सक्तीचं नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७९ मध्ये निवडणूकविषयक हक्कांची व्याख्या आहे. तिच्यात मत देण्याच्या हक्काबरोबर मत न देण्याचा हक्कही लिहिलेला आहे. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदान सक्तीचं करणारा कायदा केला होता, पण २०१५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

२०१९ पासून एक संदेश फिरतो आहे की मत दिलं नाही तर बँक खात्यातून ३५० रुपये कापले जातील. तो खोटा आहे. मत न दिल्यामुळे रेशन बंद होत नाही आणि यादीतून नावही जात नाही. भीतीपोटी मतदानाला जायचं काही कारण नाही. जायची कारणं वेगळी आहेत, ती पुढे येतील.

नोटा कधी आला? त्याआधी लोक काय करायचे?

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने २००४ मध्ये केलेल्या याचिकेवरचा तो निकाल होता. त्यानंतर त्याच वर्षाअखेरीस छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान, मध्य प्रदेश आणि दिल्लीच्या विधानसभा निवडणुकांत मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे, म्हणजेच नोटाचं, शेवटचं बटण पहिल्यांदा आलं. काळी फुली मारलेल्या मतपत्रिकेचं चिन्ह २०१५ मध्ये मिळालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेने ते तयार केलं.

त्याआधीही "कुणालाच नाही" म्हणायची सोय होती, पण ती कशी होती हे सांगायलाच हवं. २००९ ची विधानसभा. शाळेच्या खोलीत आमचं केंद्र, बाकं भिंतीला लावलेली, एका बाकावर तीन-चार पक्षांचे पोलिंग एजंट. दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात मतदार ओळखपत्र. यादीत नाव सापडलं, शाई लागली, नोंदवहीत सही झाली. मग ते यंत्राकडे न जाता टेबलापाशीच थांबले आणि शांतपणे म्हणाले, "मला यातल्या कुणालाच द्यायचं नाही. तसं लिहून घ्या."

आमच्यापैकी कुणालाच काय करायचं ते ठाऊक नव्हतं. केंद्राध्यक्षांनी हस्तपुस्तिका काढली आणि पानं उलटत बसले. निवडणूक नियमांतला नियम ४९-ओ सापडेपर्यंत रांग थांबलेली. नियम असा, की मतदाराने मत द्यायला नकार दिला तर त्याच्या नावापुढे १७-अ नोंदवहीत शेरा लिहायचा आणि त्याखाली त्याची पुन्हा सही घ्यायची. हे सगळं त्या एजंटांच्या डोळ्यांदेखत. आम्ही लिहीत होतो आणि बाकावरचे सगळे जण मान वळवून त्यांच्याकडे पाहत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं की अमक्याने कुणालाच मत दिलं नाही. ज्याला मत द्यायचं त्याच्यासाठी पुठ्ठ्याचा आडोसा, आणि ज्याला नकार द्यायचा तो मात्र भर खोलीत उघडा.

न्यायालयाने २०१३ मध्ये नेमकं हेच सांगितलं. मत देणाऱ्याला जी गुप्तता आहे, तीच न देणाऱ्यालाही हवी. म्हणून कुणी नोटाला हसलं की मला ते गृहस्थ आठवतात.

नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते का?

सगळ्यांत जास्त गैरसमज या एका गोष्टीबद्दल आहे. निवडणूक कोणती, यावर उत्तर अवलंबून आहे.

लोकसभा आणि विधानसभेला काहीही होत नाही. नोटाला लाखभर मतं पडली आणि पहिल्या उमेदवाराला दहा हजार, तरी तो दहा हजारवालाच निवडून येतो. नोटाची मतं मोजली जातात, जाहीर होतात, पण ती वैध मतांत धरत नाहीत. म्हणून डिपॉझिट वाचवायला लागणारा एक षष्ठांश वाटा काढतानासुद्धा नोटाचा हिशेब नसतो.

महाराष्ट्रातल्या नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या निवडणुकांचं तसं नाही. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये या आयोगाने या निवडणुकांसाठी आदेश काढला. नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर कुणालाच विजयी घोषित करायचं नाही, त्या जागेसाठी फेरनिवडणूक घ्यायची. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर मात्र उरलेल्यांतला सर्वाधिक मतांचा उमेदवार निवडून येतो. पुणे जिल्ह्यातल्या बोरी ग्रामपंचायतीत नोटाला ८५ टक्क्यांहून जास्त मतं पडली होती. असे निकाल समोर असल्यानेच हा आदेश आला.

म्हणजे ज्या निवडणुकीला आपण "गल्लीतलं राजकारण" म्हणतो, तिथे नोटाला खरा दात आहे. आणि तिथेच तो सगळ्यांत कमी लोकांना माहीत आहे.

नोटा दुसऱ्या क्रमांकावर आल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि ती नीट पाहिली तर नोटाची ताकद आणि दुबळेपण दोन्ही कळतं.

२०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख १ लाख ३५ हजार मतं घेऊन पहिले, आणि २७ हजारांवर मतं घेऊन नोटा दुसरा. तिसऱ्या क्रमांकावरच्या शिवसेनेच्या उमेदवाराला त्याच्या निम्मीच मतं होती. त्याच निवडणुकीत सांगलीच्या पलूस-कडेगावात विश्वजीत कदम विजयी झाले आणि तिथेही २० हजारांवर मतं घेऊन नोटाच दुसरा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत भाजपच्या उमेदवाराने माघार घेतली. ऋतुजा लटके ६६,५३० मतं घेऊन निवडून आल्या, नोटाला १२,८०६ मतं. २०२४ च्या लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेऊन भाजपची वाट धरली. काँग्रेसने लोकांना नोटा दाबायचं आवाहन केलं आणि २ लाख १८ हजार ६७४ मतं नोटाला गेली. तरीही निवडून आलेल्याला १२ लाखांवर मतं होती.

आता लातूरकडे परत या. युतीत ती जागा शिवसेनेकडे गेली आणि भाजपचे स्थानिक कार्यकर्ते नाराज झाले, हे तेव्हा सगळ्यांनी वाचलं. मग त्या २७ हजारांत "सगळेच नालायक" म्हणणारे किती आणि "आमच्या पक्षाला जागा का दिली नाही" म्हणून रुसलेले किती? यंत्राला ते सांगता येत नाही. नोटावर कारण लिहायला जागा नाही. तुम्ही तत्त्वाने दाबलेलं बटण आणि कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणून दाबलेलं बटण एकाच आकड्यात मिसळतं.

मग नोटा म्हणजे मत वाया घालवणंच ना?

मी तसं म्हणणार नाही. पण मत वाया घालवण्याचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे, आणि त्यातली एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो.

पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५१-५२. मुंबई उत्तर हा तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मतं मिळाली, बाबासाहेबांना १,२३,५७६. पराभव साधारण साडेचौदा हजारांनी. आणि त्या मतदारसंघात बाद ठरलेल्या मतपत्रिका होत्या ७४ हजारांच्या वर. त्यानंतर बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. दुसरं मत मुद्दाम 'कुजवा' असा प्रचार झाला, ही त्यांची तक्रार होती. 'मत कुजवणं' हा शब्द ज्यांना ऐकून माहीत आहे, त्यांना आता कळेल तो किती जुना आहे. ज्या माणसाने १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन मताधिकारासाठी भांडण मांडलं होतं, त्याच्याच निवडणुकीत हजारो मतं कुजली.

त्या मतपत्रिका बाद म्हणून बाजूला पडल्या, त्यांतल्या किती चुकून बाद झाल्या आणि किती मुद्दाम, हे कधीच वेगळं निघालं नाही. नोटा तसा कुजत नाही. त्याचा वेगळा आकडा असतो, तो निकालपत्रात केंद्रनिहाय छापला जातो. पुढच्या वेळी तिकीट वाटताना प्रत्येक पक्षाचा माणूस तो आकडा बघतो. माझ्या दृष्टीने नोटा ही नोंदवलेली नाराजी आहे. तिच्याने सरकार बदलत नाही हे मान्य करून ती नोंदवावी.

नोटाने निकाल बदलत नसेल तर घरीच बसलेलं काय वाईट?

हा प्रश्न रागातून येतो आणि तो राग मला समजतो. पण घरी बसलेल्या माणसाचा राग कुणाला दिसतच नाही.

मतदान संपल्यावर आम्ही हिशेब लावायचो. यादीत ९८०, मतदान ६१२. उरले ३६८. या ३६८ मध्ये कोण कोण असायचं? यादीत नाव राहून गेलेले मयत. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली. पुण्या-मुंबईला कामाला असलेली मुलं. ऊसतोडीला गेलेली अख्खी कुटुंबं. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांवर घरांना कुलपं होती, कारण माणसं उसाच्या फडात होती. त्यांना मत द्यायचं होतं, येता आलं नाही.

तुम्ही तत्त्वाने घरी बसलात, तर त्या ३६८ मध्येच जाऊन पडता. मयतांच्या शेजारी. तुमची चीड आणि त्यांचं नसणं यांत कागदावर काडीचा फरक राहत नाही. शिवाय ज्या वस्तीतलं मतदान कमी, तिथे पुढच्या वेळी उमेदवार फिरकत नाही. "तिकडं कशाला जायचं, तिथली लोकं मतालाच येत नाहीत," हे वाक्य मी प्रचाराच्या जीपमध्ये बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं आहे.

माझ्या एका मताने काय होणार?

बहुतेक वेळा काही होत नाही, हे आधी सांगतो. पण ज्या वेळी होतं ती वेळ आधी कळत नाही.

२०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. तिथे नोटालाच १५ हजारांवर मतं होती. त्याच वर्षीच्या विधानसभेला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, मालेगाव मध्यमध्ये निकाल १६२ मतांनी लागला. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना अगदी सारखी मतं पडली आणि चिठ्ठी टाकून शहा विजयी झाले. राजस्थानातल्या नाथद्वारात २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले.

मुंबई उत्तर-पश्चिममधल्या ज्या मतदाराला पहिल्या दोन उमेदवारांत खरंच काही फरक वाटत नव्हता, त्याने नोटा दाबला तर मी त्याला दोष देणार नाही. पण ज्याला थोडाही फरक वाटत होता आणि तरी चीड म्हणून नोटा दाबला, त्याने तो निर्णय शेजाऱ्याच्या हातात दिला.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मत देणं म्हणजे तडजोड नाही का?

आहे. आणि मी ती केलेली आहे, बऱ्याचदा.

आपण उमेदवाराकडे पाहताना नकळत जावई शोधल्यासारखं पाहतो. स्वभाव कसा, घराणं कसं, निर्व्यसनी आहे का. या जागेवर बसून हा माणूस नेमकं काय करणार, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारायला लागलो तेव्हापासून मला ठरवणं सोपं झालं. नगरसेवकाचं काम नळाला पाणी, गटार, कचऱ्याची गाडी. आमदार कायदे करतो, आणि तालुक्याच्या कचेरीत कुणाचं काम अडलंय याच्याशीही त्याचा संबंध येतो. खासदाराच्या मताने केंद्रात सरकार राहतं किंवा जातं. तीन वेगळ्या जागा, तीन वेगळ्या कसोट्या. नगरसेवकपदाला मी ज्याला आनंदाने मत देईन, त्याला लोकसभेला देणार नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची कसोटी मला फार आवडते. त्यांचे यजमान दम्याचे रुग्ण. त्या म्हणतात, "रात्री दोनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोणाचा फोन लागतो ते मी बघते. दोघांनाही मी आधी लावून पाहिलेला आहे." शिकलेल्या माणसांना ही कसोटी छोटी वाटेल. मला वाटत नाही. त्यांनी दोन न आवडणाऱ्या माणसांत एक खरा फरक शोधून काढला, तोही स्वतः तपासून. फरक सापडला की मत द्यावं.

पण विटेलाही माझी एक हद्द आहे. बाईवर हात टाकल्याचा गंभीर आरोप न्यायालयात उभा असेल, किंवा माणूस दोन समाजांत आग लावून मतं मागत असेल, तर त्याच्यापुढचा उमेदवार कितीही वाईट असो, अशा माणसाला मी मत देत नाही. दोन्हीकडे तसेच असतील तर तिसरा, चौथा, अपक्ष बघतो. यादी शेवटपर्यंत वाचतो. तिथेही कुणी नसेल तेव्हाच माझं बोट शेवटच्या बटणावर जातं. इतक्या वर्षांत दोनदा गेलं आहे.

उमेदवाराची खरी माहिती कुठे मिळते?

प्रतिज्ञापत्रात. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मध्ये शपथेवर लिहून द्यावं लागतं: चालू असलेले फौजदारी खटले, शिक्षा झाली असल्यास ती, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, शिक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे हा हक्क आपल्याला मिळाला. लोकसभा-विधानसभेची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतही ती लावलेली असतात.

ती वाचताना नुसता खटल्यांचा आकडा बघून थांबू नका. पाण्यासाठी रास्ता रोको केला म्हणून दाखल झालेला गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा दोन्ही "१ खटला" म्हणूनच मोजले जातात. कलम बघा, आरोप निश्चित झालेत का ते बघा. आधीच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर दोन्ही शेजारी ठेवून मालमत्तेचा रकाना बघा. पाच वर्षांत काय वाढलं ते तिथेच दिसतं.

गुन्हे असलेल्या उमेदवाराला ते वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीनदा जाहीर करावे लागतात. ती जाहिरात बारीक अक्षरात असते. शोधून वाचा.

मी ज्याला मत देतो तो निवडून आल्यावर दुसऱ्या पक्षात जातो. मग कशाला द्यायचं?

महाराष्ट्रातल्या माणसाने हे विचारलं की मी थोडा वेळ गप्प बसतो. २०१९ ला दिलेल्या मताचं २०२२ आणि २०२३ मध्ये काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. कुठल्याही बाजूचे असा, आपल्याला विचारलं नाही ही भावना खरी आहे.

माझ्याकडे याला पुरेसं उत्तर नाही. पक्षांतराचा कायदा १९८५ पासून आहे आणि त्यातून वाटा कशा काढल्या जातात हेही आपण बघतो. मी एवढंच करतो की जो माणूस आधी दोन-तीनदा पक्ष बदलून आला आहे, त्याच्या जाहीरनाम्याला किंमत देत नाही, त्याच्या इतिहासाला देतो. आणि फुटलेल्या आमदाराला शिक्षा द्यायची की पावती, हेही पुढच्या मतदानालाच ठरतं. घरी बसून ते ठरत नाही.

आमच्या गावाने बहिष्कार टाकायचं ठरवलंय. मी काय करू?

गावाचा बहिष्कार आणि एकट्याचं घरी बसणं यांची मी तुलना करणार नाही. २०२४ च्या लोकसभेला मेळघाटातल्या काही गावांनी रस्ता, पाणी, विजेसाठी बहिष्कार टाकला. तिथे केंद्र उघडं, कर्मचारी बसून आणि मतदार नाहीत, हे चित्र तहसीलदारापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांना दिसतं. कारण सांगितलेलं असतं, निवेदन दिलेलं असतं. तो नकार मुका नसतो.

पण दोन गोष्टी बघा. एक, ठराव खरंच ग्रामसभेत झाला का, की चार पुढाऱ्यांनी पारावर बसून ठरवला? दुसरं, जाऊ इच्छिणाऱ्याला अडवलं जातंय का? मतदाराला धाकाने रोखणं हा गुन्हा आहे, मग मागणी कितीही न्याय्य असो.

पाकीट घेतलं आहे. आता त्यालाच मत द्यावं लागेल का?

नाही. पैसे देणं हा गुन्हा आहे आणि घेणंही, त्यामुळे घेऊ नका हेच माझं पहिलं उत्तर. पण महिनाअखेरीला घरात आलेली पाकिटं परत करणं प्रत्येकाला जमत नाही, हेही मी पाहिलं आहे. देवाची शपथ घातली, भंडारा उचलायला लावला, तरी मत बांधलं जात नाही. तुम्ही आडोशामागे काय दाबलं हे कुणालाही कळत नाही. मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते, ती कुणाच्या हाती लागत नाही. केंद्रात मोबाईलने फोटो काढायला मनाई आहे. कुणी "फोटो आणून दाखव" म्हणालं, तर तो नियम तुमच्याच बाजूचा आहे.

वाटप होताना दिसलं तर सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकून तक्रार करता येते. नाव न सांगताही करता येते.

सही केली, शाई लागली आणि मग मत द्यायचं नाही असं वाटलं तर?

नियम ४९-ओ अजूनही आहे. केंद्राध्यक्षांना सांगा, ते शेरा लिहून तुमची सही घेतील. पण आता नोटा असताना भर खोलीत हे करायची गरज नाही.

प्रभागात चार जागा आहेत. सगळीकडे मत द्यावं लागतं का?

मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडले जातात. प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं आणि प्रत्येक जागेच्या यादीखाली वेगळा नोटा असतो. 'अ' जागेवर चांगली बाई उभी आहे आणि 'क' वर कुणीच पटत नाही, तर 'अ' ला तिला मत आणि 'क' ला नोटा. घाई करू नका, मागची रांग थांबते.

एकच उमेदवार उरला तर नोटा दाबता येतो का?

नाही, कारण मतदानच होत नाही. २०२४ मध्ये सुरतेत काँग्रेसचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल मतदानाआधीच बिनविरोध खासदार झाले. तिथल्या लाखो लोकांना नकार द्यायचीसुद्धा संधी मिळाली नाही. आपल्याकडे गावात "बिनविरोध" म्हटलं की कौतुक होतं, पेढे वाटले जातात. खरोखरच एकमत असेल तर आनंद आहे. पण बिनविरोध निवडणुकीत तुमचा विरोध कुठे नोंदवणार, याचा विचार माघारीच्या दिवसाआधी करायला हवा.

चांगली माणसं उभीच का राहत नाहीत?

डिपॉझिट हे कारण नाही. विधानसभेला १० हजार, लोकसभेला २५ हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मं. अपक्षाला १० सूचक लागतात. एवढं कुणीही जमवेल. खर्चाची मर्यादा मात्र विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख आहे, आणि ही कागदावरची. एवढा पैसा ज्याच्याकडे नाही, त्याला तिकीट देताना पक्ष दहादा विचार करतो.

आणि दुसरं कारण आपणच. आमच्या तालुक्यात एका निवृत्त मुख्याध्यापिकेने जिल्हा परिषदेला अर्ज भरला होता. सगळे म्हणायचे, बाई सोन्यासारखी आहे, पण निवडून येणार नाही. त्यामुळे तिच्या मागे पोलिंग एजंट म्हणून बसायला दहा माणसं मिळाली नाहीत. निम्म्या केंद्रांवर तिचा एजंटच नव्हता. उमेदवार पटत नाही ही तक्रार मतदानाच्या दिवशी सुचते. अर्ज भरायच्या आठवड्यात, पटणाऱ्या माणसासोबत एक दिवस केंद्रावर बसायची तयारी किती जणांची असते?

मुलगी यंदा १८ ची झाली. म्हणते, "बाबा, मी नाव नोंदवणारच नाही." तिला कसं समजावू?

मत कुणाला द्यायचं ते नंतर बघू, नाव मात्र नोंदव, एवढंच सांगा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्या तारखेला १८ पूर्ण झालेली असली की नमुना ६ भरता येतो. नाव यादीत नसलं तर तिला नोटाही दाबता येणार नाही. रागवायचा हक्कसुद्धा यादीत नाव असलेल्यालाच आहे.

आणि तिच्याशी वाद घालू नका. मतदानाला जाताना तिला बरोबर न्या.

शेवटच्या तासापर्यंत ठरत नाही. मग?

तरीही निघा. लोकसभा-विधानसभेला साधारणपणे सहापर्यंत वेळ असते, तुमच्या केंद्राची नक्की वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. वेळ संपताना जो रांगेत उभा आहे, त्याला मत देता येतं. आम्ही सहा वाजले की रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत यायचो, म्हणजे नंतर कुणी मागे येऊन उभं राहू नये. एकदा शेवटची चिठ्ठी मी एका तरुण बाईच्या हातात दिली. कडेवर झोपलेलं मूल, पायात दिवसभराच्या मजुरीची माती. तिचा नंबर यायला पाऊण तास लागला. आडोशामागे गेली आणि बराच वेळ आवाजच येईना. एजंट चुळबुळ करायला लागले. केंद्राध्यक्ष म्हणाले, "थांबा, बघू द्या तिला." ती यादी वरून खाली वाचत होती, बोट ठेवून, एकेक नाव. मग यंत्राचा लांब आवाज झाला आणि ती बाहेर आली.